मळेवाल्यांची पत्रं कशी वाचावीत: व्हर्जिनिया आणि साउथ कॅरोलायना, साधारण १७०० ते १८२५

१ मे १७५९ रोजी जॉर्ज वॉशिंग्टनने लंडनच्या रॉबर्ट कॅरी अँड कंपनी या पेढीला पत्र लिहिलं. सोबत पाद्र्याने दिलेला लग्नाचा दाखला जोडला आणि कळवलं की मार्था कस्टिसशी आपलं लग्न झालं आहे, तेव्हा तिचा दिवंगत पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस याच्या इस्टेटीसंबंधीची पत्रं यापुढे आपल्या नावाने पाठवावीत. लग्नाची बातमी आणि खातं दुसऱ्याच्या नावावर करण्याची सूचना एकाच कागदावर! या काळातल्या मळेवाल्यांचा, म्हणजे गुलामांच्या श्रमावर मोठी शेती करणाऱ्या जमीनदारांचा, पत्रव्यवहार सगळा असाच आहे. घरचं पत्र कुठे संपतं आणि व्यापाराचं कुठे सुरू होतं, ही रेघ त्यांनी स्वतः कधी ओढली नव्हती, म्हणून वाचणाऱ्यानेही ओढू नये. पत्र, त्याला जोडलेलं बीजक आणि खतावणीतलं पान हे तिन्ही समोरासमोर ठेवून वाचायचं. नुसतं पत्र वाचणाऱ्याच्या हाती सभ्य भाषा लागते आणि व्यवहार निसटतो.

सुरुवात कुठून करावी

एक घराणं आणि एक पीकवर्ष निवडा. शंभर पत्रं चाळण्यापेक्षा एका वर्षाची वीस पत्रं हिशेबासकट वाचली तर फार अधिक कळतं. तंबाखूचं पीकवर्ष असं चाले: जानेवारी ते मार्चमध्ये वाफ्यांत बी, मेच्या सुमारास लावणी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कापणी, मग कोठारात वाळवणं आणि हिवाळ्यात पिंपांत दाबून भरणं. भरलेली पिंपं पुढच्या वसंतात आणि उन्हाळ्यात जहाजावर चढत. म्हणजे १७६२च्या उन्हाळ्यात लंडनला निघालेली पिंपं १७६१च्या पिकाची असतात. भावाबद्दलची तक्रार कुठल्या पिकाची, हे ठरवताना इथेच गफलत होते.

वॉशिंग्टनचे कागद सुरुवातीला सगळ्यांत सोयीचे. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये त्यांची विभागणी मालिकांमध्ये केलेली आहे: दुसरीत नक्कलवह्या (पाठवलेल्या पत्रांच्या नकला उतरवलेल्या वह्या), चौथीत सर्वसाधारण पत्रव्यवहार, पाचवीत आर्थिक कागद. चौथी आणि पाचवी शेजारी शेजारी उघडून बसा. २०१३ साली सुरू झालेल्या ‘फाउंडर्स ऑनलाइन’वर वॉशिंग्टन, जेफरसन, मॅडिसन वगैरेंची पत्रं टिपांसह अक्षरबद्ध मिळतात, तिथला मजकूर आणि मूळ कागदाचं छायाचित्र एकमेकांशी ताडून पाहणं हा हस्ताक्षर शिकण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. साउथ कॅरोलायनासाठी तिथला मळा सांभाळणाऱ्या एलायझा लुकस पिंकनीची १७३९ ते १७६२ची पत्रवही घ्या. ती चार्ल्सटनच्या साउथ कॅरोलायना हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे आणि छापूनही आली आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या छापील आवृत्त्यांवर मात्र विसंबू नका. १८३०च्या दशकात जॅरेड स्पार्क्स या संपादकाने वॉशिंग्टनची पत्रं १२ खंडांत छापली, तेव्हा त्याला ओबडधोबड वाटलेली भाषा त्याने परस्पर बदलली. त्या खंडांतलं वाक्य उद्धृत करण्याआधी मूळ पाहिलंच पाहिजे.

कागदाची पाठ आधी

लिफाफे नव्हते. टपालाचा दर पत्रकांच्या संख्येवर असे, त्यामुळे वेगळं वेष्टण म्हणजे दुप्पट पैसे. एक मोठा कागद मधोमध दुमडून चार पानं करत. मजकूर पहिल्या तीन पानांवर, चौथ्यावर पत्ता. मग घडी घालून लाखेने किंवा पिठाच्या टिकलीने बंद. म्हणून छायाचित्रं पाहताना शेवटचं पान आधी उघडावं. तिथे तीन गोष्टी शोधायच्या.

पहिली, पत्ता आणि त्याखालचं जहाजाचं व कप्तानाचं नाव. पुढे ‘क्यू. डी. सी.’ अशी अक्षरं दिसली तर ती ‘देव ज्याचं रक्षण करो’ या लॅटिन वचनाची आद्याक्षरं आहेत. पेढीचं नाव समजून लोक ती सूचीत घालतात. दुसरी, टपालाचा आकडा. पैसे बहुधा घेणाऱ्याने भरायचे असत. १७९२च्या अमेरिकी कायद्यानुसार एका पत्रकाला ३० मैलांपर्यंत ६ सेंट आणि ४५० मैलांपलीकडे २५ सेंट पडत, तेव्हा आकड्यावरून अंतराचा आणि पत्रकांच्या संख्येचा अंदाज बांधता येतो. तिसरी आणि सर्वांत मोलाची म्हणजे घेणाऱ्याने मागाहून केलेली आडवी नोंद: कोणाचं पत्र, कुठल्या तारखेचं, कधी मिळालं, कशाबद्दल. तारीख पुसट असेल तर ही नोंद पत्र वाचवते. मात्र ती कधीकधी वर्षानुवर्षांनी वारसाने किंवा संग्राहकाने केलेली असते. अक्षर आणि शाई वेगळी दिसली तर ती पुरावा म्हणून धरू नका.

सील फोडताना कागदाचा तुकडा निघून येई आणि तिसऱ्या पानाच्या कडेचे दोन-चार शब्द जात. ते ‘अस्पष्ट’ नसतात, फाटलेले असतात, आणि टिपताना तसंच लिहावं. तुकडा पुष्कळदा लाखेखालीच चिकटलेला असतो. मायफळाची शाई कालांतराने कागद पार करून मागे उमटते. एखाद्या शब्दावर भलतीच रेघ दिसली तर मागच्या पानाची प्रतिमा आडवी उलटवून ताडा. निम्मी ‘खाडाखोड’ तिथेच विरघळते.

तारीख: इथे सर्वांत जास्त चुका होतात

१७५२पर्यंत ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींत जुनी पंचांगगणना होती. वर्ष २५ मार्चला बदलायचं. म्हणून १० फेब्रुवारी १७४० अशी तारीख असलेलं व्हर्जिनियाचं पत्र आपल्या हिशेबाने १७४१चं आहे. जाणते लोक १७४०/१ असं दोन्ही लिहीत. सगळे लिहीत नसत. १७५२मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. वॉशिंग्टनचा जन्म जुन्या गणनेत ११ फेब्रुवारी १७३१/२ आणि नव्यात २२ फेब्रुवारी १७३२, तो यामुळेच.

आता यातला बारीक खड्डा. स्कॉटलंडने १६००पासूनच वर्षाचा आरंभ १ जानेवारी केला होता, पण महिन्याची तारीख मात्र १७५२पर्यंत जुनीच ठेवली. त्यामुळे ग्लासगोच्या पेढीचं फेब्रुवारी १७४१चं पत्र आणि व्हर्जिनियातल्या गिऱ्हाइकाचं फेब्रुवारी १७४०चं पत्र एकाच महिन्यातली असू शकतात. ती क्रमाने लावताना वर्षाचं अंतर पडलं की उत्तर प्रश्नाच्या आधी येतं आणि सगळी साखळी बिघडते. हॉलंड किंवा इटलीतून आलेलं पत्र तर ११ दिवस पुढचं असतं.

उपाय साधा आहे. आपल्या यादीत तीन रकाने ठेवा: पत्रावर आहे तशी तारीख, नव्या गणनेत बदललेली तारीख, आणि बदल कशाच्या आधारे केला ते. मूळ तारीख कधीही पुसू नका.

मजकुरातल्या तारखांचीही गंमत असते. ‘इन्स्टंट’ म्हणजे चालू महिना, ‘अल्टिमो’ म्हणजे गेला महिना, ‘प्रॉक्सिमो’ म्हणजे पुढचा. हा महिना लिहिणाऱ्याचा. घेणाऱ्याच्या हाती पत्र पडेपर्यंत दोन महिने उलटलेले असायचे. चेसापीकहून (व्हर्जिनिया-मेरीलंडच्या उपसागरातून) लंडनला साधारण सहा ते आठ आठवडे लागत, उलट दिशेला वाऱ्यामुळे जास्त. त्यामुळे एकाच दिवशीच्या दोन पत्रांत दोन बाजूंना वेगवेगळं जग दिसतं. ‘तुमचं अमुक तारखेचं फेव्हर हाती आलं’ यातलं फेव्हर म्हणजे मेहेरबानी नव्हे, नुसतं पत्र. कोणती पत्रं मिळाली आणि कोणती नाहीत याची नोंद बहुधा पहिल्याच परिच्छेदात असते. ती वेगळी उतरवून घ्या, म्हणजे हरवलेल्या पत्रांची यादी आपोआप तयार होते. समुद्राचा भरवसा नसल्याने महत्त्वाचं पत्र दोन-तीन जहाजांनी पाठवत. त्याच मजकुराच्या प्रती म्हणजे तीन वेगळी पत्रं नव्हेत.

अक्षर आणि आखूड शब्द

लांब ‘एस’ हा पहिला अडथळा. तो ‘एफ’सारखा दिसतो, फक्त आडवी रेघ नसते किंवा एकाच बाजूला अर्धवट असते. शब्दाच्या आरंभी आणि मध्ये येतो, शेवटी कधीच नाही. जोड ‘एस’मध्ये पहिला लांब आणि दुसरा आखूड. ‘वाय’च्या डोक्यावर छोटा ‘ई’ दिसला तर तो शब्द ‘द’ असा वाचायचा. तो ‘वाय’ म्हणजे ‘थ’ उच्चाराच्या जुन्या अक्षराचा अवशेष. ‘पी’च्या शेपटीला आडवी रेघ किंवा वळसा असेल तर ‘पर’, म्हणजे दर किंवा मार्फत. ‘एचएचडी’ म्हणजे हॉग्सहेड, तंबाखूचं मोठं पिंप. वर चढवलेली अक्षरं आणि खालचा ठिपका म्हणजे मधली अक्षरं गाळली आहेत, इतकं लक्षात ठेवलं की नव्वद टक्के आखूड शब्द उलगडतात.

हिशेबाच्या तळाशी ‘ई. ई.’ असतं. ती आपली चूकभूल द्यावी घ्यावी.

अडलेल्या शब्दावर अर्धा तास घालवू नका. रिकामी जागा ठेवून पुढे जा, दोन पानं झाली की परत या. लिहिणाऱ्याने तोच शब्द दुसरीकडे सुटा लिहिलेला असतो. प्रत्येक लिहिणाऱ्याच्या अक्षरासाठी एक पान करा आणि त्यावर त्याची मोठी अक्षरं, आकडे आणि महिन्यांची नावं मूळ चित्रांतून कापून लावा. आकड्यांत १ आणि ७ तसेच ३ आणि ८ यांची गल्लत जास्त. त्याचा निकाल बेरजेने लावायचा, डोळ्यांनी नाही. उतरवताना लेखन जसंच्या तसं ठेवा आणि आपण भरलेली अक्षरं चौकोनी कंसात टाका. शाळा कमी लाभलेल्या स्त्रियांची पत्रं उच्चाराप्रमाणे लिहिलेली असतात. ती मोठ्याने वाचली की लगेच लागतात.

मायना आणि नाती

शेवटचं ‘आपला आज्ञाधारक नम्र सेवक’ म्हणजे आपलं ‘लोभ असावा’. त्यावरून लिहिणाऱ्याचा दर्जा ठरवू नका. ज्याच्यावर फिर्याद लावायची त्यालाही तेच लिहीत. दर्जा कळतो तो मायन्यातल्या बदलावरून. ‘प्रिय सर’ लिहिणारा माणूस अचानक नुसतं ‘सर’ लिहू लागला किंवा ‘जेंटलमेन’वर आला, तर त्या दोन पत्रांच्या मधला हिशेब काढून पाहा.

नात्यांचे शब्द सैल होते. ‘सिस्टर’ ही बहुधा मेहुणी, वहिनी किंवा नणंद असते, ‘मदर’ ही सासू असू शकते आणि ‘सन-इन-लॉ’ हा सावत्र मुलगा. ‘कझिन’ पुतण्या-भाच्यांनाही लागे. ‘फ्रेंड्स’ या शब्दात आप्तेष्ट आणि पाठीराखे येतात. ‘फॅमिली’ म्हणजे एका छपराखालचं सगळं माणूसबळ, नोकर आणि गुलाम धरून. ‘माझी फॅमिली आजारी आहे’ या वाक्यावरून मुलंबाळं आजारी होती असं लिहू नका. ‘कर्नल’ हा बहुतेक वेळा काउंटीच्या मिलिशियाचा (स्थानिक नागरिकांच्या फौजेचा) हुद्दा असतो.

नावं पिढ्यान्‌पिढ्या तीच. रॉबर्ट कार्टर नावाचे कितीतरी आहेत: १७३२ला वारलेला कोरोटोमनचा ‘किंग’ कार्टर वेगळा आणि १७९१मध्ये आपल्या गुलामांच्या मुक्तीचा दस्त करणारा नॉमिनी हॉलचा त्याचा नातू वेगळा. म्हणून सूचीत नावाला नेहमी घर जोडा: नॉमिनी हॉलचा, सबाइन हॉलचा, वेस्टोव्हरचा. लोक स्वतःही एकमेकांना असंच ओळखत.

अडत्या, पट्टी आणि हुंडी

व्यवहाराचा कणा समजला नाही तर निम्मी पत्रं रागाची आणि रडगाण्याची वाटतात. मोठा मळेवाला आपली तंबाखू विकत नसे. लंडनच्या अडत्याकडे पाठवत असे. विकेपर्यंत माल मळेवाल्याचा आणि धोकाही त्याचाच. अडत्या विकून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, पाठवी, अडत सामान्यतः अडीच टक्के, आणि त्याच पैशांतून मळेवाल्याने मागवलेला कपडा, खिळे, चहा, बग्गीचे भाग घेऊन पाठवी. पैसे कमी पडले तर उसने देई. याच्या उलट ग्लासगोच्या पेढ्या नदीकाठी दुकानं टाकून लहान शेतकऱ्यांची तंबाखू जागेवरच घेत. त्यांची पत्रं दुकानातला कारकून आणि ग्लासगोचा मालक यांच्यातली, म्हणून त्यांचा सूर अगदी वेगळा.

व्हर्जिनियात १७३०च्या कायद्याने आणि मेरीलंडमध्ये १७४७पासून सरकारी वखारीत तपासणी सक्तीची झाली. तपासनीस पिंप फोडून पाहत, खराब पानं जाळत आणि पावती देत. ही पावती हातोहात पैशासारखी चाले. पत्रात ‘नोट्स’ शब्द आला की आधी तंबाखूची पावती समजा, बँकेची नोट नव्हे.

पट्टी वाचण्याचा क्रम असा ठेवा. पिंपावरची डागलेली खूण आणि क्रमांक जहाजाच्या भरतीपावतीशी जुळवा. मग एकूण वजन, पिंपाची वजावट, निव्वळ वजन. अठराव्या शतकाच्या मध्यात भरलेल्या पिंपात साधारण १,००० पौंड तंबाखू बसे. ६०० दिसली तर आकडा चुकला आहे किंवा माल भिजला-सडला आहे. त्यापुढे जकात, जहाजभाडं, पिंप दुरुस्ती, हमाली, अडत. भाडं टनाने ठरे आणि इथे टन म्हणजे चार पिंपं, वजनाचा टन नव्हे. अडतीचा टक्का कुठल्या रकमेवर लावला आहे ते तपासा: जकात धरलेल्या किमतीवर लावला असेल तर मळेवाल्याच्या हाती पडणाऱ्या रकमेच्या मानाने तो अडीचपेक्षा बराच जास्त बसतो.

समजा निव्वळ ९५० पौंड तंबाखू पौंडाला ३ पेन्सने गेली. होतात २,८५० पेन्स. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. म्हणजे ११ पौंड १७ शिलिंग ६ पेन्स. अशी प्रत्येक ओळ स्वतः करून पाहा. वाचनातली चूक नेमकी बेरजेत सापडते. साखर, लोखंड असा माल मात्र हंड्रेडवेटमध्ये येतो: तीन रकाने, ११२ पौंडांचा हंड्रेडवेट, २८ पौंडांचा क्वार्टर आणि सुटे पौंड. हे तीन रकाने पौंड-शिलिंग-पेन्स समजून उतरवलेले मोठमोठे तक्ते पाहायला मिळतात.

चलन नेहमी नावासह लिहा. ‘४० पौंड’ याला अर्थ नाही. स्टर्लिंग की व्हर्जिनिया करन्सी? एकच स्पॅनिश डॉलर स्टर्लिंगमध्ये ४ शिलिंग ६ पेन्स, व्हर्जिनियात ६ शिलिंग, पेनसिल्व्हेनियात ७ शिलिंग ६ पेन्स, न्यूयॉर्कमध्ये ८ शिलिंग. साउथ कॅरोलायनात सात पौंड स्थानिक म्हणजे एक पौंड स्टर्लिंग, तेव्हा चार्ल्सटनच्या पत्रातला ७०० पौंडांचा आकडा १००च आहे. व्हर्जिनियाच्या पत्रात ‘एक्स्चेंज २५ टक्के’ असेल तर ४० पौंडांतून पाव भाग वजा करून ३० लिहू नका. १२५ स्थानिक म्हणजे १०० स्टर्लिंग, म्हणून ४० भागिले १.२५, उत्तर ३२. हा दर बाजारात हलत असे. त्या महिन्याचा दर पत्रातच किंवा त्या काळच्या हिशेबात शोधावा.

पैसे हुंडीने फिरत. मळेवाला लंडनच्या अडत्यावर हुंडी लिही, बहुधा साठ दिवसांच्या मुदतीची. तिच्या पहिली, दुसरी, तिसरी अशा प्रती वेगवेगळ्या जहाजांनी जात. एक वटली की बाकीच्या रद्द. आपल्याकडच्या पेठ-परपेठेचाच हा प्रकार. म्हणून एकाच रकमेच्या तीन हुंड्या दिसल्या तर कर्ज तिप्पट करू नका. हुंडी ‘प्रोटेस्ट’ झाली म्हणजे अडत्याने ती नाकारली. मग नुकसानभरपाई, व्याज आणि अब्रूचा प्रश्न. हुंडी न वटल्यानंतरच्या सहा महिन्यांतली सगळी घरगुती पत्रं पुन्हा वाचा. मुलाच्या शिक्षणात काटकसर, मुलीच्या लग्नाची लांबलेली तारीख, भावाकडे मागितलेली जामीनकी यांची कारणं तिथे सापडतात. क्रांतियुद्धाने ही देणी संपली नाहीत. अमेरिका-ब्रिटन यांच्यातल्या १७९४च्या ‘जे’ तहात (जॉन जे याच्या नावाने ओळखला जाणारा) आणि अमेरिकी सर्वोच्च न्यायालयातल्या १७९६च्या ‘वेअर विरुद्ध हिल्टन’ खटल्यात ती पुन्हा वर आली, आणि जेफरसन तर सासरे जॉन वेल्स यांच्याकडून आलेल्या कर्जाबद्दल अनेक वर्षं लिहीत राहिला.

बीजक वाचताना खातं कोणाचं ते पाहा. वॉशिंग्टन लंडनहून माल मागवताना स्वतःची, सावत्र मुलगा जॅकीची आणि सावत्र मुलगी पॅट्सीची यादी वेगळी करत असे, कारण कस्टिसच्या इस्टेटीतले वाटे वेगळे होते. मुलीचे बूट आणि मुलाचं पुस्तक ही त्या यादीत मायेची खूण आहे, आणि पालकाने कोर्टाला द्यायच्या हिशेबातली नोंदही. १७७३मध्ये पॅट्सी वारली. तिच्या वाट्याच्या पैशातून वॉशिंग्टनने कॅरीचं देणं फेडलं. त्या वर्षीची दुःखाची पत्रं आणि कॅरीचं खातं वेगवेगळ्या खोक्यांत आहेत. ती एकत्र वाचायलाच हवीत.

मालाच्या नावांत एक फसवा शब्द: गुलामांच्या कपड्यांसाठी मागवलेलं ‘कॉटन’ बहुधा सुती नसून वेल्स किंवा उत्तर इंग्लंडचं जाडंभरडं लोकरी कापड असे. जाड लिननच्या कापडाला ओझ्नाबर्ग म्हणत.

नक्कलवही म्हणजे गेलेलं पत्र नव्हे

आपल्याला मिळतं ते बहुतेकदा पाठवणाऱ्याच्या वहीतलं. ती नक्कल कारकुनाची असू शकते, मसुदा असू शकतो किंवा नुसता सारांश. एलायझा लुकसच्या वहीत पूर्ण पत्रांसोबत ‘वडिलांना अमुक कळवलं’ अशा त्रोटक नोंदीही आहेत. नीळ, आलं, कापूस लावून पाहण्याचे प्रयोग वडिलांना कळवणारी नोंद १७४०ची. १७४८मध्ये ब्रिटिश संसदेने निळीला पौंडामागे ६ पेन्स अनुदान दिलं, ते या नोंदीनंतर आठ वर्षांनी. वही वाचताना हे अंतर डोळ्यांसमोर ठेवा, नाहीतर पुढचं यश मागच्या ओळींत दिसू लागतं.

वही नंतर बदललेलीही असते. १७५५च्या ब्रॅडॉक मोहिमेच्या (ब्रिटिश सेनापती ब्रॅडॉकची फ्रेंचांविरुद्धची चढाई) काळातल्या आपल्या नक्कलवहीची भाषा वॉशिंग्टनने सुमारे तीस वर्षांनी दुरुस्त केली. गेलेलं पत्र कुठे सापडलं तर त्यातली वाक्यं साधी, थोडी अडखळती असतात, आणि तीच त्या वेळची. दोन्ही मिळाली तर फरकांचा तक्ता करा.

जेफरसनच्या पत्रांचं काम सोपं आहे. १७८५पासून तो दाबयंत्राने नकला काढी. या पातळ कागदावर शाई उलटी उमटते आणि मागच्या बाजूने वाचावी लागते. १८०४पासून दोन लेखण्यांचं पॉलिग्राफ यंत्र, ज्यात लिहितानाच नक्कल होई. शिवाय १७८३ ते १८२६ आलेल्या-गेलेल्या पत्रांची नोंदवही त्याने स्वतः ठेवली. एखादं पत्र हरवलं की मुळात नव्हतंच, हे तिथे बघून ठरवता येतं.

एकच बातमी वेगवेगळ्या लोकांना कशी कळवली हे जुळवून पाहण्याइतकं शिकवणारं दुसरं काही नाही. १७५८मध्ये नवरा चार्ल्स पिंकनी वारल्यावर एलायझाने इंग्लंडमधल्या मुलांना, त्यांच्या शिक्षकाला आणि परिचितांना पत्रं लिहिली. शेजारी शेजारी ठेवा आणि प्रत्येकात मृत्यूनंतर लगेच कोणता विषय येतो तेवढंच टिपा.

पत्रांतले बिनआडनावाचे लोक

या सगळ्या कागदांचा खर्च आणि नफा ज्यांच्या श्रमावर उभा होता ते लोक पत्रात ‘हँड्स’, ‘पीपल’, ‘फोर्स’, ‘सर्व्हंट’ अशा शब्दांत येतात. ‘क्वार्टर’ म्हणजे मुकादमाच्या ताब्यातला लांबचा मळा. ‘टास्क’ म्हणजे कॅरोलायनाच्या भातशेतीत एका माणसाला दिलेलं दिवसाचं काम, सर्वसाधारणपणे पाव एकर. हे शब्द जसे आहेत तसे उतरवा, पण स्वतःच्या वर्णनात वापरू नका. तिथे गुलाम केलेली माणसं असंच लिहा.

२ जुलै १७६६चं वॉशिंग्टनचं एक पत्र घ्या. वेस्ट इंडीजला निघालेल्या कॅप्टन थॉम्पसनला तो टॉम नावाच्या माणसाला विकायला सांगतो. टॉम पळून जाणारा आहे असं लिहितो. त्याच पत्रात तो धडधाकट, कुदळीच्या कामात चांगला आणि कामकऱ्यांच्या टोळीचा म्होरक्या राहिलेला असल्याचंही. बदल्यात काकवीचं एक पिंप, रमचं एक, लिंबांचा एक बॅरल, साधारण दहा पौंड चिंच, मुरांब्याच्या दोन लहान बरण्या आणि उरलेल्या रकमेची जुनी दारू. किनारा सुटेपर्यंत बेड्या घालून ठेवावं, अशी सूचना. पत्राची भाषा नेहमीच्या मालाच्या मागणीची आहे, आणि वाचणाऱ्याने तिथेच थांबायचं असतं. हे पत्र ‘व्यापार’ या विषयाखाली सूचीत टाकलं की टॉम हरवतो.

म्हणून पहिल्या पत्रापासून माणसांची वेगळी यादी ठेवा: नाव, वेगवेगळी वर्णरूपं, मळा, काम, नातेवाईक, तारीख, आणि पत्रात त्याच्याबद्दल वापरलेलं क्रियापद: पाठवलं, विकलं, पळाली, बाळंत झाली, वारला. क्रियापदाचा रकाना गाळू नका. वर्षभराने त्यातूनच आयुष्याची रूपरेषा दिसते. कफी, कजो, क्वॉश ही नावं अकान भाषांतली वाराची नावं आहेत: शुक्रवार, सोमवार, रविवारी जन्मलेले. सुकी ही सुसाना असू शकते. मुकादम ऐकेल तसं लिही, म्हणून एकच माणूस तीन वर्णरूपांत येतो आणि तीन माणसं एकाच नावाने. वेगळं करायला मळ्याचं नाव आणि काम लागतं.

नंतर ही यादी पत्राबाहेरच्या कागदांशी जुळवा: मृत्यूनंतरची मालमत्तेची मोजदाद, कराच्या याद्या, १७३६पासून निघणाऱ्या ‘व्हर्जिनिया गॅझेट’मधल्या पळून गेलेल्यांच्या जाहिराती. माउंट व्हर्नन या आपल्या मळ्यासाठी वॉशिंग्टनने स्वतः केलेल्या १७८६ आणि १७९९च्या याद्या आहेत. १७९९च्या यादीत ३१७ माणसं असून त्यांतली १२३ त्याच्या मालकीची, बाकी बहुतेक कस्टिसच्या इस्टेटीची. मालकीच्या या फरकामुळेच त्याच्या मृत्युपत्रातली मुक्ती सगळ्यांना मिळाली नाही आणि नवरा एका खात्यात तर बायको दुसऱ्या खात्यात अशी कुटुंबं तुटली. रॉबर्ट कार्टरच्या १७९१च्या दस्तातही ४५०हून अधिक माणसांची नोंद आहे, मळ्यांच्या नावांसह. नॉमिनी हॉलच्या पत्रांसाठी ती किल्लीच म्हणायला हवी.

राष्ट्राध्यक्षपदाच्या काळात माउंट व्हर्ननचे कारभारी वॉशिंग्टनला दर आठवड्याला पाच शेतांचा अहवाल पाठवत आणि तो उत्तर देई. या अहवालांत आजाराचे दिवस, बाळंतपणं, शिवलेले कपडे, कुठे किती जण कामाला होते हे आकड्यांत असतं. पत्रात ‘आजाराचं सोंग’ असा शेरा दिसला की त्या आठवड्याचा आणि पुढच्या चार आठवड्यांचा अहवाल काढा. सोंग म्हटलेला माणूस पुढे मेलेला आढळला तर तो शेरा त्या मृत्यूच्या शेजारीच नोंदवायचा.

पत्रं नसतात तेव्हा

फट दिसली की कारण शोधा. कॅरोलायनाच्या सखल भागात उन्हाळ्याच्या अखेरीपासून पहिल्या थंडीपर्यंत हिवतापाचा काळ, आणि मालक मळा सोडून चार्ल्सटनला किंवा उत्तरेला जात. तेव्हा मुकादमाची पत्रं वाढतात, घरातली आपसातली कमी होतात, कारण सगळे एकत्रच असतात. नवरा-बायको एका घरात असली की पत्रं नसतात. आणि काही फटी मुद्दाम केलेल्या: मार्था वॉशिंग्टनने नवऱ्याशी झालेला पत्रव्यवहार नष्ट केला; वाचलेल्यांत १८ आणि २३ जून १७७५ची दोन आहेत. अशा वेळी खतावणी, डॉक्टरचं बिल आणि शेजाऱ्याची पत्रं घ्यावी लागतात.

गुलाम केलेल्यांनी स्वतः लिहिलेली पत्रंही याच संग्रहांत, बहुधा ‘इतर’ किंवा ‘किरकोळ’ अशा शीर्षकाच्या फोल्डरात असतात. तो फोल्डर सर्वांत आधी मागवा. जेफरसनच्या कागदांत सुतार जॉन हेमिंग्सची पॉप्लर फॉरेस्टहून (जेफरसनच्या दुसऱ्या मळ्यावरून) आलेली पत्रं आहेत: छपराचं, लाकडाचं काम कुठवर आलं याची. १५ नोव्हेंबर १८१८चं हॅना नावाच्या स्त्रीचं एक पत्र आहे. घर आणि सामान सुखरूप आहे, तुम्ही या वर्षी येणार नाही असं कळलं, तुमची प्रकृती बरी नाही हे ऐकून वाईट वाटलं, असं ती मालकाला लिहिते आणि पुढे त्याला देवाची आठवण करून देते. तिच्या पत्राची सुरुवात मुकादमांच्या पत्रांशी ताडून पाहा. मायना कोणता घेतला आहे, काय सोडलं आहे आणि देवाचा विषय किती ओळींनंतर येतो ते ओळ क्रमांकासह टिपा.